रक्ताची बाटली आणि तक्त्यातले आकडे : एका शोधनिबंधाचे परीक्षण

रोगजंतूंची ओळख आपल्या वर्गांत बहुधा दोन रकान्यांच्या तक्त्याने होते. डावीकडे रोग, उजवीकडे जंतू. विषमज्वर म्हटले की साल्मोनेला टायफी, न्यूमोनिया म्हटले की न्यूमोकॉकस. 'जोड्या लावा' या प्रश्नासाठी तक्ता फार सोयीचा असतो. परंतु तापाने फणफणलेले मूल रुग्णालयात येते तेव्हा त्याच्या कपाळावर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. त्याला ताप आहे, ते दूध पीत नाही, त्याला धाप लागली आहे, एवढेच दिसते. डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात जाण्याचा रस्ता प्रयोगशाळेतून जातो, आणि त्या रस्त्यावर काय काय गळते, काय काय चिकटते याविषयी तक्ता मौन पाळतो.

हे मौन मोडण्यासाठी मला एक शोधनिबंध फार उपयोगाचा वाटतो. वैद्यकीय निबंधाचे परीक्षण शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की या निबंधात वैद्यकापेक्षा मोजणी जास्त आहे, आणि ती मोजणी अंश, छेद व टक्केवारी यांच्या पलीकडे फारशी जात नाही. दहावीच्या मुलांपुढेही तो ठेवता येईल.

केनियाच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासा बंदराच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर किलिफी नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात ऑगस्ट १९९८ ते जुलै २००२ या चार वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या रक्ताची तपासणी हा या निबंधाचा विषय. जेम्स बर्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला आणि जानेवारी २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. रक्तात जिवाणू सापडणे याला बॅक्टेरीमिया म्हणतात. मुले हा बॅक्टेरीमिया घरूनच, म्हणजे रुग्णालयात येण्यापूर्वीच, किती प्रमाणात घेऊन येतात हा लेखकांचा प्रश्न होता.

या कामाचा पहिला गुण मी मानतो तो असा की, कोणाचे रक्त तपासायचे हे डॉक्टरांच्या संशयावर सोडले नाही. दाखल होणाऱ्या मुलाचे रक्त दाखल होतानाच कल्चरसाठी घ्यायचे, असा नियम ठेवला. एरवी सगळीकडे उलट चालते. ज्या मुलाबद्दल शंका येते त्याचीच तपासणी होते. मग जिथे शोधले तिथेच सापडते, आणि जिथे शोधले नाही तिथे ते नव्हतेच असे ठरून जाते. किलिफीच्या परिसरात तर त्या काळी मलेरिया इतका होता की तापाच्या मुलाच्या रक्ताच्या काचपट्टीवर मलेरियाचे परजीवी दिसले की शोध तिथेच थांबत असे. परजीवी तर तिथल्या हिंडत्याफिरत्या मुलांच्या रक्तातही सापडत. म्हणजे 'सापडले' आणि 'त्यानेच आजार झाला' ही दोन वेगळी विधाने आहेत. ही गोष्ट पुढे जिवाणूंनाही लागू पडणार आहे.

आता आकडे पाहू. १६,५७० मुलांपैकी १,०९४ जणांच्या रक्तात जिवाणू सापडले, म्हणजे ६.६ टक्के. दोन महिन्यांच्या आतील बाळे वेगळी काढली तर १,७८३ पैकी २२८, म्हणजे १२.८ टक्के, त्याहून मोठ्या मुलांत १४,७८७ पैकी ८६६, म्हणजे ५.९ टक्के. लहानग्यांत ई. कोलाय आणि 'बी' गटातील स्ट्रेप्टोकॉकस यांचे प्राबल्य होते. मोठ्यांत न्यूमोकॉकस, विषमज्वर न करणारे साल्मोनेला, हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि ई. कोलाय हे चौघे मिळून ७० टक्क्यांहून अधिक भरले. जिवाणू सापडलेल्या १,०९४ मुलांपैकी ३०८ दगावली. रुग्णालयात झालेल्या एकूण बालमृत्यूंपैकी २६ टक्के मृत्यू या गटातले होते.

निबंध उद्धृत करणारे सहसा एवढ्यावर थांबतात. परीक्षणाचे काम इथून पुढे सुरू होते, आणि त्यासाठी कल्चर म्हणजे नेमके काय करतात ते पाहायला हवे.

मुलाच्या हाताची त्वचा निर्जंतुक करून शिरेतून रक्त घेतात. मोठ्या माणसाचे १० किंवा २० मिलिलीटर सहज घेता येते; लहान मुलाचे १ ते ३ मिलिलीटर मिळाले तरी पुष्कळ. हे रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत सोडतात आणि बाटली शरीराच्या तापमानाला ठेवतात. जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्वयंचलित यंत्र तो टिपते आणि इशारा देते. मग त्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅमच्या पद्धतीने रंगवतात. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे. जिवाणू जांभळा राहिला की गुलाबी झाला यावरून अर्धी वाट कळते. उरलेली वाट आगरच्या थाळ्यांवर चालायची असते. (रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आगर आले ते फॅनी हेस या गृहिणीच्या स्वयंपाकघरातील अनुभवामुळे. जोड्या लावायच्या तक्त्यात या बाईंनाही जागा मिळायला हरकत नाही.)

थाळीत काय घातले आहे यावर काय उगवेल हे ठरते. हिमोफिलस नुसत्या साध्या आगरवर वाढत नाही. त्याला लागणारी दोन द्रव्ये तांबड्या पेशींच्या आत असतात. म्हणून आगरमध्ये रक्त घालून ते गरम करतात, पेशी फुटतात, आणि थाळीला तपकिरी रंग येतो. त्या रंगावरून तिला 'चॉकलेट आगर' म्हणतात; चॉकलेटचा तिच्याशी एवढाच संबंध. ज्या प्रयोगशाळेत ही थाळी नाही तिथल्या अहवालांत हिमोफिलस कधी येणारच नाही, आणि कोणी त्यांची बेरीज केली तर 'आमच्या भागात हिमोफिलस नाही' असा निष्कर्ष बिनदिक्कत निघेल. न्यूमोकॉकसची तऱ्हा आणखी निराळी. वाढ पुरी झाली की स्वतःच्याच विकराने तो स्वतःला विरघळवून टाकतो. बाटली वेळेवर उघडली नाही तर आत वाढ झाल्याच्या खुणा असतात आणि थाळीवर मात्र काही उगवत नाही.

वसाहती उगवल्या की त्यांवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती वाढ थांबते ते पाहतात. यात आणखी एक दिवस जातो. एकूण हिशेब दोन ते तीन दिवसांचा. बाटलीत काहीच वाढले नाही तर 'निगेटिव्ह' म्हणण्यापूर्वी सामान्यतः पाच दिवस थांबतात.

आता या मोजणीतली गळती किती असेल याचा वर्गात करून पाहण्याजोगा अंदाज घेऊ. मुलाच्या रक्तात जिवाणू बहुधा फार विरळ असतात. समजा, दर मिलिलीटरला सरासरी एकच आहे. मग १ मिलिलीटर रक्त घेतले तर त्यात एक जिवाणू मिळेलच का? परातीत २०० चमचे तांदूळ मोजून घ्यावेत आणि त्यांत २०० काळे उडीद चांगले मिसळावेत. चमच्याला सरासरी एक उडीद झाला. ४० विद्यार्थ्यांनी डोळे मिटून एकेक चमचा काढावा, उडीद मोजावेत आणि चमचा परत परातीत रिकामा करून ढवळावे. साधारण १५ जणांच्या चमच्यात एकही उडीद येणार नाही. गणित सोपे आहे : एक उडीद आपल्या चमच्यात नसण्याची शक्यता २०० पैकी १९९, आणि असे २०० उडीद, म्हणून हा अपूर्णांक २०० वेळा गुणायचा. उत्तर सुमारे ०.३७ येते. प्रत्येकाने तीन चमचे घेतले तर रिकाम्या हाती राहणारे ४० पैकी दोघेच उरतात. म्हणजे १ मिलिलीटर रक्त घेतल्यास आजारी मुलांपैकी तिघांतला एक जण सुटतो, आणि ३ मिलिलीटर घेतल्यास विसांतला एक. यात जिवाणूचा दोष नाही आणि तंत्रज्ञाचाही नाही. चमचाच लहान आहे.

त्यात भर पडते ती आधीच दिलेल्या औषधांची. रुग्णालयात पोचण्यापूर्वी मुलाला कुठेतरी प्रतिजैविकाचा डोस मिळालेला असतो. सात देशांतील न्यूमोनियाच्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात पुढे किलिफीही एक केंद्र होते, असा डोस आधी मिळाला असल्यास रक्तात जिवाणू सापडण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटते असे दिसले. मुलाच्या दृष्टीने तो डोस कदाचित उपकारक ठरला असेल. मोजणीच्या दृष्टीने त्याने पुरावा पुसला.

म्हणून निबंधातील ६.६ टक्के हा आकडा वरून मोजलेला नसून तळाकडून मोजलेला आहे. लेखकांना याची जाणीव आहे. लोकसंख्येतील प्रमाण देताना त्यांनी 'किमान' हा शब्द वापरला आहे : एक वर्षाखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान १,४५७, दोन वर्षांखालील १,०८०, पाच वर्षांखालील ५०५. माझ्या मते सबंध निबंधातला हा सर्वांत मोलाचा शब्द. दुर्दैवाने उद्धृत करणाऱ्यांच्या हातून पहिल्याने गळतो तोही हाच. 'किमान' गळाला की उरलेला आकडा नेमका भासू लागतो आणि त्याला खोटे वजन येते. जी मुले रुग्णालयात आलीच नाहीत, वाटेत किंवा घरीच गेली, ती या आकड्यात नाहीत. बाटलीतून सुटलेली नाहीत. दोन दिवस औषध घेऊन आलेल्यांपैकी बरीच नाहीत.

गळतीची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू चिकटण्याची. त्वचा कितीही पुसली तरी सुईबरोबर तिच्यावरचे जिवाणू बाटलीत जाऊ शकतात. स्टॅफिलोकॉकसच्या काही निरुपद्रवी जाती, मायक्रोकॉकस, बॅसिलस ही नेहमीची मंडळी. किलिफीच्या लेखकांनी अशा जिवाणूंना भेसळ मानून हिशेबातून वगळले. घरून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण हा निर्णय बाटली करीत नाही, माणूस करतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवे.

त्यासाठी शेजारी दुसरा एक अभ्यास ठेवू. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्यात त्वचेवरच्या याच स्टॅफिलोकॉकसना रोगकारकांच्या यादीत स्थान आहे. ही विसंगती नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या, शिरेत नळी घातलेल्या बाळाच्या बाबतीत त्वचेवरचा गरीब जिवाणूही जीवघेणा ठरू शकतो. जिवाणू तोच, थाळीवरची वसाहत तीच. पण एका यादीत तो कचरा आणि दुसऱ्या यादीत आरोपी. 'अमुक जंतू रोग करतो' हे वाक्य कोणाच्या शरीरात, कोणत्या अवस्थेत, हे सांगितल्याशिवाय अपुरेच असते. दोन रकान्यांच्या तक्त्याला तिसरा रकाना हवा तो इथे.

दिल्लीच्या अभ्यासात कल्चरमध्ये जिवाणू सापडलेल्या बाळांचे प्रमाण ६.२ टक्के होते. किलिफीचे ६.६ आणि दिल्लीचे ६.२; किती जवळचे आकडे! हुशार विद्यार्थी लगेच म्हणेल की दोन्हीकडे परिस्थिती सारखीच आहे. हा मोह मोडण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. किलिफीच्या छेदात घरून येणारी, सर्व वयांची मुले आहेत. दिल्लीच्या छेदात रुग्णालयातच जपली जाणारी नवजात बाळे आहेत. अंश एकाच पद्धतीने काढले तरी छेद वेगळे, म्हणून दोन अपूर्णांकांची तुलनाच होत नाही. शिवाय दिल्लीत जंतुसंसर्गाचे निदान झालेल्या बाळांचे एकूण प्रमाण १४.३ टक्के होते. म्हणजे डॉक्टरांनी संसर्ग मानून उपचार केलेल्या निम्म्याहून अधिक बाळांच्या बाटलीत काही उगवलेच नाही. त्यांपैकी किती जणांना खरोखर संसर्ग नव्हता आणि किती जणांचा जंतू चमच्यातून निसटला, हे बाटली सांगू शकत नाही.

आता मृत्यूंचा आकडा. '२६ टक्के बालमृत्यू बॅक्टेरीमियामुळे' असे वाक्य अनेकदा वाचायला मिळते. निबंध असे म्हणत नाही. मृत्यू पावलेल्यांपैकी २६ टक्के मुलांच्या रक्तात जिवाणू होते, असे तो म्हणतो. 'मुळे' आणि 'असलेल्या' यांत मोठे अंतर आहे. कुपोषित, रक्तक्षय झालेले, मलेरियाने खंगलेले मूल शेवटी साल्मोनेलाने गेले तर कारण कोणते लिहायचे?

निबंधाची खरी मर्यादा मला इथे दिसते. जिवाणूंचा आजार आणि मलेरिया हे जणू दोन स्वतंत्र वाटेकरी आहेत आणि त्यांच्यात मृत्यूंची वाटणी करायची आहे, अशी समजूत अशा मांडणीतून सहज होते. ती किती तोकडी आहे हे किलिफीच्याच गटाने पुढे दाखवून दिले. अँथनी स्कॉट आणि सहकाऱ्यांचा २०११ मधील 'लॅन्सेट'मधला निबंध या बाबतीत वाचण्याजोगा आहे. १९९९ ते २००७ या काळात किलिफीत मलेरियामुळे दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण हजारी २८.५ वरून ३.४५ वर आले. जिवाणूंवर कोणी वेगळा हल्ला चढवला नसताना बॅक्टेरीमियाचे प्रमाणही हजारी २.५९ वरून १.४५ वर घसरले. 'कोणी हल्ला चढवला नसताना' हे मात्र पूर्ण खरे नाही. हिमोफिलस 'बी'ची लस याच काळात, २००१ च्या अखेरीस, केनियात सुरू झाली होती. मग घट मलेरिया कमी झाल्याने की लशीने?

याचे उत्तर शोधण्याची त्यांची युक्ती सुरेख आहे. सिकलसेलचा एकच जनुक असलेली मुले, म्हणजे वाहक, निरोगी असतात आणि त्यांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. विदर्भातल्या व नंदुरबारच्या शिक्षकांना हे वाहक परिचयाचे आहेत. हा जनुक न्यूमोकॉकसला किंवा साल्मोनेलाला थेट अडवतो असे मानायला कारण नाही. तरीही किलिफीत वाहक मुलांना बॅक्टेरीमिया पुष्कळच कमी होत होता, आणि मलेरिया जसजसा ओसरला तसतसे हे संरक्षणही ओसरत गेले. म्हणजे संरक्षण मिळत होते ते मलेरियाच्या आडून. मलेरिया तांबड्या पेशी फोडतो, शरीराची जिवाणूंशी लढण्याची ताकद खच्ची करतो आणि जिवाणूंना दार उघडून देतो. ज्या बाटलीत साल्मोनेला उगवला त्या मुलाच्या आजाराची सुरुवात डासाच्या चावण्यातून झाली असण्याचा संभव बराच. तक्त्याचा उजवा रकाना एकाच जंतूचे नाव मागतो. शरीर असा हट्ट धरीत नाही.

निबंधातला एक आकडा आतापर्यंत राखून ठेवला होता. जिवाणू सापडलेल्या आणि दगावलेल्या ३०८ मुलांपैकी १०३ मुले दाखल झाली त्याच दिवशी गेली. दोन दिवसांच्या आत गेलेली २१७, म्हणजे ७०.५ टक्के. वर आपण पाहिले की कल्चरचे पुरे उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. दगावलेल्या बहुतेक मुलांच्या जंतूचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर कळले. मग ही तपासणी कोणासाठी?

त्या मुलासाठी नव्हे, हे स्पष्टच आहे. अशा मुलाला जंतूचे नाव कळण्यापूर्वीच, लक्षणे पाहून, प्रतिजैविक द्यावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असेही नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे दाखवून दिले. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी ठरावीक लक्षणांवरून नवजात बाळातील जंतुसंसर्ग ओळखायचा आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने कोट्रायमोक्साझोल द्यायचे, अशी ती पद्धत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार उपचार सुरू होण्यापूर्वी संसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. उपचार सुरू झाल्यावर ७१ पैकी २.८ टक्के. जंतूचे नाव न विचारता जीव वाचले. कोणी म्हणेल, मग कल्चरचे कौतुक हवे कशाला?

कौतुक यासाठी की 'लक्षणे पाहून द्यायचे औषध' कोणते, हे आधी कोणाच्या तरी बाटलीने सांगितलेले असते, आणि ते औषध अजून चालते की नाही हेही बाटलीच सांगते. दिल्लीच्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूचे २२२ नमुने तपासले, त्यांतले १८१ अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. क्लेब्सिएलाचे १६९ पैकी ९१, ई. कोलायचे १३७ पैकी ५२. अशा रुग्णालयात कल्चर न करता वर्षानुवर्षे ठरलेले औषध देत राहणे म्हणजे पत्ता बदललेल्या माणसाला जुन्याच पत्त्यावर पत्रे टाकत राहण्यासारखे आहे. रेणूंच्या पातळीवर जंतू ओळखणारी तंत्रे आज आली आहेत, काही तासांत नाव सांगणारी यंत्रेही आली आहेत. पण जिवंत जिवाणूला औषधासमोर ठेवून तो मरतो का हे पाहण्यासाठी त्याला आधी वाढवावेच लागते.

एक तक्रार निबंधाच्या शीर्षकाविषयी. 'केनियातील ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांतील बॅक्टेरीमिया' अशा अर्थाचे ते आहे. गाव ग्रामीण आहे, मुले ग्रामीण आहेत. प्रयोगशाळा मात्र ग्रामीण नाही. किलिफीत १९८९ पासून केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांचे संयुक्त केंद्र आहे. स्वयंचलित यंत्र, अखंड वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, चॉकलेट आगर हे सारे त्यामुळे आले. शीर्षक वाचून असे वाटते की कोणत्याही जिल्हा रुग्णालयात हे करता येईल. आफ्रिकेतील असंख्य जिल्हा रुग्णालयांत ही सोय नव्हती, म्हणून तर एका किलिफीच्या आकड्यांवर इतक्यांना विसंबावे लागले. एका जागेचा उजेड सबंध खंडावर पाडण्याची ही सवय धोक्याची आहे. मलेरिया कमी असलेल्या प्रदेशात साल्मोनेलाचा क्रमांक नक्कीच वेगळा असणार.

तरीही या एका जागेने जे केले ते थोडे नाही. हिमोफिलस 'बी'ची लस सुरू होण्यापूर्वी किलिफीत पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला ६६ जणांना त्याचा गंभीर आजार होत असे. २००४-०५ पर्यंत हा आकडा ७.६ वर आला. न्यूमोकॉकसची लस केनियात जानेवारी २०११ मध्ये आली. लशीत समाविष्ट असलेल्या प्रकारांचा गंभीर आजार लाखी ६०.८ होता, २०१२ ते २०१६ या काळात तो ३.२ झाला. भारतात हिमोफिलस 'बी'ची लस पंचगुणी लशीतून डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूपासून सुरू झाली. न्यूमोकॉकसची २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर.

वर्गासाठी शेवटी एक प्रश्न. ६०.८ वरून ३.२ वर आलेला आकडा वाचून एखादी चौकस मुलगी विचारील : रक्त घेणे कमी केले असेल, थाळ्या निकृष्ट झाल्या असतील, आधी औषध घेऊन येणारी मुले वाढली असतील, तरीही आकडा असाच घटला असता, मग लशीचेच श्रेय कशावरून? तिला दोन गोष्टी दाखवता येतील. एक, किलिफीत तीच तपासणी त्याच परिसरातील मुलांवर खंड न पाडता चालू राहिली. आणि दुसरी अशी की प्रयोगशाळेत काही बिघडले असते तर न्यूमोकॉकसचे लशीत नसलेले प्रकारही त्याच प्रमाणात दिसेनासे झाले असते; ते तसे झाले नाहीत.